मदत हवी आहे: फोन कंपनीकडून विकत घेतला, पण कंपनीचं कुलूप निघत नाही

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात एका औषध कंपनीत साडेचार वर्षं एमआर होते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. कंपनीने २०२२ साली दिलेला सॅमसंगचा फोन ठेवायचा असेल तर फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, पैसे कापू म्हणाले. मी हो म्हटलं, ४,००० रुपये कापले. हिशेबाच्या कागदावर तशी ओळ आहे, म्हणजे फोन माझाच. तो मला आईला द्यायचाय. ती पाटणकडे गावी असते. बचत गटाच्या बैठकीचे फोटो तिला पाठवावे लागतात आणि तिच्या फोनचा कॅमेरा पार गेलाय.

आता अडचण. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की खाली पट्टी येते: प्रशासकाने कॅमेरा बंद केला आहे. स्क्रीनशॉट निघत नाही. प्ले स्टोअरमध्ये नऊच ॲप दिसतात, त्यातलं एक आमचं डॉक्टर व्हिजिट नोंदवायचं. व्हॉट्सॲप नाही. स्वतःचं गूगल खातं घालू देत नाही. सेटिंगमधल्या फॅक्टरी रीसेटवर बोट दाबलं तरी ढिम्म.

राजवाड्याजवळच्या एका दुकानात नेला. त्याने बटणं दाबून हार्ड रीसेट मारला. फोन कोरा झाला, मला इतका आनंद झाला! घरी येऊन वायफाय जोडलं आणि दोन पडद्यांनंतर परत तेच, हा फोन तुमच्या संस्थेचा आहे, आणि कंपनीचं ॲप आपोआप उतरायला लागलं. आता तो दुकानदार म्हणतो १,५०० द्या, बायपास करून देतो, म्हणजे कुलूप चुकवून फोन चालू करून देतो. बिल मिळणार नाही. करावं का?

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या फोनचा. त्यावर ऑफिसच्या मेलसाठी वर्क प्रोफाइल टाकलं होतं, ब्रीफकेसचं चिन्ह असलेली ॲप दिसतात ते. ते काढलं तर माझे फोटो उडतील का? भाऊ म्हणतो सगळा फोन पुसला जातो. मुलीचे पहिल्या तीन महिन्यांचे फोटो त्याच फोनमध्ये आहेत, म्हणून हात लावायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद १

ताई, बायपास अजिबात करू नका. मी पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो, फोन कुलूपबंद करणं आणि सोडवणं.

तुमच्या फोनचं कुलूप फोनच्या आत नाहीच, म्हणून रीसेटने निघालं नाही. कंपनी फोन घेते तेव्हा त्यांचे आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, सॅमसंगच्या नॉक्स किंवा गूगलच्या झिरो टच यादीत चढवते. कंपन्यांच्या फोनांच्या या ऑनलाइन याद्या. फोन कोरा करून नेटला जोडला की तो आधी सर्व्हरला विचारतो, मी कुणाचा? यादीत नाव असलं की तिकडून उत्तर येतं, या कंपनीचा, आणि एमडीएमचं, म्हणजे कंपनी जिथून फोनवर लांबून ताबा ठेवते त्या व्यवस्थेचं, ॲप उतरतं. दहा वेळा रीसेट मारा, दहा वेळा हेच होणार.

दुकानदार जे करतो त्यात बहुतेक वेळा ते ॲप नुसतं झोपवलेलं असतं. पुढचा रीसेट झाला की जागं होतं. सॅमसंगचं नसलेलं वेगळं सॉफ्टवेअर फोनमध्ये भरलं तर सॅमसंगमधला नॉक्सचा सुरक्षा फ्यूज उडतो आणि तो परत कधीच जोडता येत नाही. सिक्युअर फोल्डर, म्हणजे खाजगी गोष्टी कुलपात ठेवायचा सॅमसंगचा कप्पा, कायमचा बंद. बँकेची ॲपसुद्धा अशा फोनवर कुरकुर करतात. आईच्या हातात असा फोन देऊ नका.

सरळ मार्ग आहे आणि तुमची बाजू पक्की आहे. *#०६# डायल करून आयएमईआय लिहून घ्या. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील, दोन्ही द्या. हिशेबाच्या कागदाचा फोटो जोडून आयटीला मेल टाका, एचआरला सीसी करा. नुसतं अनलॉक करा म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा घेतो. लिहा की हा फोन एमडीएममधून काढा आणि नॉक्स किंवा झिरो टच, ज्या यादीत असेल तिथूनही काढा. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. दोन्ही झाल्याचं लेखी आल्यावरच रीसेट मारा. आधी मारलात तर पुन्हा अडकाल.

प्रतिसाद २

वर्क प्रोफाइलबद्दल: भावाचं बरोबर नाही. सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर ते काढायचा पर्याय असतो, त्याने फक्त ब्रीफकेसवाली बाजू जाते. कंपनीने तिकडून पुसलं तरी तेवढंच जातं. तुमचे खाजगी फोटो आणि चॅट कंपनीला दिसतही नाहीत.

पण एक गोष्ट आत्ताच बघा. काही फोनमध्ये कॅमेरेही दोन असतात, एक साधा आणि एक ब्रीफकेसवाला. त्या दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो ऑफिसच्या बाजूला साठतात. सेव्ह केलेल्या नंबरांचंही तसंच.

मूळ प्रश्नकर्ती

प्रतिसाद २, तुमचे किती आभार मानू! आत्ता उघडून पाहिलं. ब्रीफकेसवाल्या गॅलरीत २१२ फोटो आहेत. बारशाचे सगळे तिथेच. कॅमेऱ्याची दोन चिन्हं शेजारी शेजारी होती, घाईत जे हाताला लागलं ते दाबत गेले. शेअर करायला गेले तर खाजगी व्हॉट्सॲप यादीत येतच नाही. केबल लावली तरी लॅपटॉपवर ते फोल्डर दिसत नाही.

प्रतिसाद १

प्रोफाइल काढू नका! त्याच मेलमध्ये हेही लिहा. ऑफिसच्या बाजूने खाजगी बाजूला शेअर करणं हे धोरणातलं एक बटण असतं. तुमच्या फोनपुरतं थोडा वेळ उघडता येतं. बाळाचे फोटो आहेत हे स्पष्ट सांगा, आम्हीही माणसंच आहोत. मात्र आजच लिहा. नोकरी सोडलेल्यांची खाती साफ करायचा दिवस ठरलेला असतो, आणि तिकडून प्रोफाइल पुसलं गेलं की फोटो कुणालाच परत आणता येत नाहीत. तोवर घरातल्या दुसऱ्या फोनने स्क्रीनवरच्या बारशाच्या फोटोंचे फोटो काढून ठेवा. दर्जा जाईल, पण काहीतरी हातात राहील.

मूळ प्रश्नकर्ती

काय झालं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

मेलला चार दिवस उत्तर नाही. मग जुन्या एरिया मॅनेजर सरांना फोन केला, त्यांनी आयटीतल्या माणसाशी थेट बोलणं करून दिलं. शनिवारी दुपारी त्याने शेअरिंग तासाभरासाठी उघडलं. मी आणि हे, दोघं बसून वीस-वीसच्या गठ्ठ्याने २१२ फोटो इकडे आणले, दोनदा मोजले आणि मगच प्रोफाइल काढलं. बाकी फोनला धक्काही लागला नाही.

सॅमसंगचं मात्र प्रतिसाद १ म्हणाले तसंच झालं. एमडीएममधून काढलाय असं कळवलं, मी नॉक्सच्या यादीचं विचारलं तर ते राहिलंच होतं. मंगळवारी तिथूनही काढल्याचा मेल आला. रीसेट मारला, वायफाय जोडलं आणि श्वास रोखून बसले. थेट भाषा, मग गूगल खातं. संस्थेचं नाव कुठेच नाही. कॅमेरा उघडला तर समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, तोच पहिला फोटो काढला.

आईचं खातं घातलंय, अक्षरं मोठी केलीत, बचत गटाचा ग्रुप वर पिन करणार आहे. उद्या भाऊ एसटीने घेऊन जातोय.