साडेपाच फुटी हौदा, १७ फुटी कॅनू: हिचचा टी-बार घेऊ नका

तळ्याकाठचा (धागा सुरू करणारा)

मिनेसोटा आणि ओंटारिओतल्या आपल्या मंडळींकडून उन्हाळ्याच्या तोंडावर एकच प्रश्न येतो. चार दारांचा पिकअप आहे, हौदा (मागचा उघडा, माल ठेवायचा भाग) साडेपाच फुटी, कॅनू (वल्ह्यांची उघडी नाव) १७ फुटी, तर ती वाहायला रॅक कुठला? बहुतेक उत्तरं हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या, नळीत खोचायच्या टी-बारकडे (उभा खांब, वर आडवा बार) बोट दाखवतात, कारण तो स्वस्त आणि दहा मिनिटांत बसतो. माझं मत सरळ उलट आहे. एक आडवा बार टपावर, दुसरा हौद्याच्या मागच्या टोकाला उंच खांबांवर. या गाडीला आणि या नावेला हाच रॅक बरोबर.

कारण आकड्यांत आहे. सगळी मापं बंद फाळक्यापासून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपासून, पुढे मोजा. मागचा बार फाळक्याच्या अर्धा फूट पुढे आणि टपावरचा बार साडेनऊ फुटांवर धरला, तर दोन आधारांमध्ये ९ फूट मिळतात. नाव पालथी करून त्यांच्या मधोमध ठेवली की मागचं टोक फाळक्याबाहेर साडेतीन फूट येतं आणि पुढचं टोक काचेच्या वर थांबतं. दोन्ही आधार नावेच्या रुंद भागात येतात, प्रत्येक टोकापासून ४ फूट आत.

आता टी-बार. त्याचा उभा खांब फाळक्याच्या मागे साधारण ३ फुटांवर येतो. टपावरचा बार तिथेच ठेवला तर अंतर साडेबारा फूट. नाव मध्यावर ठेवा, मागचा आधार टोकापासून जेमतेम सव्वादोन फुटांवर लागतो. तिथे नाव अरुंद असते आणि तिचे काठ वळलेले असतात. दोन्ही काठ बारवर सपाट टेकत नाहीत, नाव डुलते, पट्टा आवळला की टोकाकडे घसरतो. बाहेर आलेला भाग कमी करायला नाव पुढे सरकवली तर आधार आणखी टोकाकडे जातो. म्हणजे टी-बारवर लांब शेपूट तरी सोसा, नाहीतर निसटता आधार तरी.

दोन वल्ही

तुमचं गणित टपावरचा बार साडेनऊ फुटांवर धरून केलंय. टी-बार असेल तर तो बार टपाच्या अगदी मागच्या कडेला, साडेसहा फुटांवर घ्यायचा. अंतर पुन्हा साडेनऊ फूट होतं आणि मागचा आधार टोकापासून पावणेचार फूट आत येतो. तुमच्या रॅकवर ४ फूट, इथे पावणेचार. डुलण्याचा मुद्दा तिथेच संपला.

राहिलं शेपूट. ते पावणेसात फूट बाहेर येतं, मान्य. मिनेसोटात ४ फुटांपासून आणि ओंटारिओत दीड मीटरपासून दिवसा लाल निशाण, अंधारात लाल दिवा लागतो. दोन्ही मिळून तुमच्या खांबांच्या एका जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त.

खरा मुद्दा उचलण्याचा आहे, आणि तो तुम्ही बाजूलाच ठेवलात. मोठ्या पिकअपचं टप जमिनीपासून सव्वासहा फुटांच्या आसपास. त्यावर बार धरला तर पावणेसात. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाने एकट्याने तिथे नाव कशी चढवायची? टी-बार गाडीच्या पाठीमागे मोकळा उभा असतो. नाव जमिनीवर पालथी, गाडीच्या रेषेत ठेवायची, पुढचं टोक उचलून टी-बारवर टेकवायचं, मग मागे जाऊन दुसरं टोक उचलून पुढे ढकलायचं. एका वेळी अर्धंच वजन हातात येतं. बारला जुन्या गालिच्याची पट्टी गुंडाळली की काठ घासत नाहीत.

तळ्याकाठचा

हे सगळं हौद्यावरच्या मागच्या बारवरही तसंच होतं. तोही गाडीच्या शेवटीच आहे, उंचीही तीच. उलट टी-बारवर ढकलताना तो मागेपुढे हलतो, कारण दोन इंची नळीत खोचलेल्या दांड्याला थोडी फट असतेच. त्या फटीची खडखड टोकाला, पाच फूट वर, बोटभर डोलणं होऊन दिसते. मिनेसोटातल्या इली गावाहून निघणारा एको ट्रेल हा रस्ता पुढे खडीचा होतो. तिथे हे डोलणं तासभर चालतं आणि काठाचे रिव्हेट त्याला तोंड देतात.

दोन वल्ही

फटीवर उपाय आहे आणि तो करायलाच हवा. नळीवर आवळायचा यू-बोल्टचा शिकंजा लावा. त्याशिवाय आडव्या बारच्या दोन्ही टोकांपासून हौद्यातल्या कड्यांपर्यंत एकेक पट्टा तिरका ओढा. बार दोन्हीकडून ताणला गेला की डावी-उजवीकडे हलत नाही. हे न करता टी-बार वापरणाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण ती चूक बसवण्यातली आहे.

उंचीही आधी मोजा. जमिनीपासून टपावरच्या बारच्या माथ्यापर्यंतचं माप घ्या, त्यातून हिचच्या नळीची उंची वजा करा. टी-बार तेवढा वर येतो का ते दुकानातच पाहा. बरेच टी-बार मोठ्या पिकअपच्या टपापर्यंत पोचत नाहीत. मागची बाजू खाली राहिली की नावेचं नाक वर होतं आणि समोरचा वारा तिच्या पोटात शिरतो. नाक बारीकसं खाली असलेलं चांगलं.

वाळूचा बांध

तुम्ही दोघं टप आणि हौदा एकाच तुकड्यासारखे धरताय. पिकअपमध्ये ते तसे नाहीत. केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही चासीवर स्वतंत्र बसतात आणि केबिनखाली रबराच्या गाद्या असतात. खड्ड्यात एक चाक गेलं की दोन्ही वेगवेगळे कलतात. केबिन आणि हौद्याच्या मधली फट खडीच्या रस्त्यावर पाहा, लगेच कळेल. त्यामुळे एक आधार केबिनवर आणि एक मागे असला, मग तो हौद्यावर असो की हिचमध्ये, नाव त्या दोघांमधला पूल होते.

म्हणून माझं मत तिसरं: दोन्ही बार हौद्यावरच, टपाच्या वर येतील इतके उंच. आधार एकत्र हलतात, नावेला पीळ बसत नाही.

तळ्याकाठचा

पीळ बसतो हे खरं, पण तो किती? १७ फुटांची नाव मुळात लवचिक असते, पाण्यातही ती पिळली जाते. नुकसान होतं ते दोन्हीकडे काठ धातूच्या कंसांत घट्ट अडकवले तर. कंस वापरायचेच तर पुढच्या बारवर लावा, मागे नुसता मऊ बार आणि पट्टा. मग नावेला सरकायला जागा राहते.

तुमच्या उपायात साडेपाच फुटी हौद्यावर दोन बारांत पावणेपाच फूट अंतर मिळतं. १७ फुटांच्या नावेला निदान एक तृतीयांश, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फूट हवं. बाजूने मोठा ट्रक गेला की त्याचा वारा दोन्ही टोकांवर आलटून-पालटून आदळतो, आणि आधार जितके जवळ तितका पट्ट्यांवरचा ताण जास्त. शिवाय नाव या दोन बारांच्या मध्यावर ठेवली तर मागे जवळपास पावणेसहा फूट बाहेर. ८ फुटी हौदा असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो, तिथे सात-साडेसात फूट सहज मिळतात.

वाळूचा बांध

अंतराचं मान्य. साडेसहा फुटी किंवा त्याहून मोठ्या हौद्यावर माझा उपाय चालेल, त्याखाली नाही. पण मग हे सुद्धा लिहा की लोक भलतीच चूक करतात ती नुसत्या टपावर दोन बार लावण्याची. चार दारांच्या केबिनवर तीन-सव्वातीन फूट अंतर मिळतं. त्यावर १७ फुटांची नाव म्हणजे सीसॉ.

सोनकुसुम

खांबांच्या उंचीबद्दल कुणी बोललं नाही, आणि पैसे तिथेच वाया जातात. हौद्याचा काठ आणि टपावरचा बार यांत दोन फुटांच्या आसपास फरक असतो. तंबू आणि पेट्या वाहायला निघालेले हौद्यावरचे रॅक टपापेक्षा खुजे असतात. दिसायला दणकट, पण टपावरच्या बारशी त्यांची पातळी जुळत नाही. नावेसाठी पूर्ण उंचीचे किंवा उंची बदलता येणारे खांब मागा.

बसवतानाही गाडी पाहा. टोयोटा टॅकोमाचा हौदा पत्र्याचा नसून कॉम्पोझिटचा (धागे मिसळलेल्या प्लास्टिकचा) असतो. त्याच्या कडेला नुसता शिकंजा आवळण्यापेक्षा आत असलेल्या अॅल्युमिनियमच्या रुळांना बोल्ट केलेलं बरं. हौद्यावर गुंडाळायचं झाकण असेल तर शिकंजा झाकणाच्या रुळावर येतो का तेही आधी बघा.

आणखी एक. नाव पालथी ठेवली की टोकं खाली झुकतात. लांब सहलीच्या कॅनूत मधली खोली १३-१४ इंच आणि टोकाची २० ते २२, म्हणजे टोक मधल्या काठापेक्षा ७-८ इंच खाली येतं. अगदी टोक काचेवर आलं तर अडचण नाही, काच उतरती असते. पण त्याच्या मागे, टपाच्या पुढच्या कडेवर, अंतर फार कमी उरतं. टपावरचा बार ५ इंचच उंच असेल तर नाव तिथे टपाला टेकू शकते आणि रंग खरवडते. बारखाली उंच पाय घ्या.

दोन वल्ही

हे बरोबर. आणि हा मुद्दा टी-बारलाही लागू आहे: माझ्या मांडणीत नाव मागे सरकलेली, पुढचं टोक टपावरच थांबतं, त्यामुळे बार उंच लागतो. लिहायला हवं होतं.

उत्तरवारा

लाकडाचा पर्याय कुणीच काढला नाही. मोठ्या पिकअपच्या हौद्याच्या कडेला वरून चौकोनी खाचा असतात. त्यात दोन-बाय-चारचे उभे खांब तासून बसतात (ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतात), वर आडवी फळी. सुतारकामाची साधी हत्यारं पुरतात.

सोनकुसुम

चालतो, पण खांब आणि आडव्या फळीच्या कोपऱ्यात प्लायवूडचा त्रिकोण दोन्ही बाजूंनी बोल्ट केला तरच. नुसते स्क्रू असतील तर सगळी चौकट बाजूला कलते. मोठ्या हायवेच्या वेगात हाच कोपरा आधी सुटतो. खाचेत खांब ढिला असेल तर पाचर मारा आणि आडवा बोल्ट घाला, नाहीतर नावेसकट वर उचलला जाईल.

गिअरबॉक्स

रॅक कुठलाही घ्या, बांधणं चुकलं तर उपयोग नाही.

एक इंच रुंद, १२ ते १५ फूट लांब, चापाच्या बकलचे दोन पट्टे. दांड्याने आवळायचे रॅचेट पट्टे नकोत. रॅचेटच्या दांड्याला एवढा जोर असतो की केव्हलारच्या (हलक्या, चिवट धाग्याच्या) ४०-४५ पौंडी नावेची कूस दबते आणि अॅल्युमिनियमचे काठ वाकतात, हाताला ते कळतही नाही. पट्टा नावेवरून नेऊन बारखालून, काठाला अगदी चिकटून परत आणायचा. काठापासून दूर नेला तर नाव बारवर आडवी सरकते. पट्ट्याला वर एक-दोन पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने तो गुणगुणतो आणि फडफडून झिजतो. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन भिजला की ताणतो, आणि इथे दुपारी पाऊस येतोच. पहिल्या २०-३० मैलांवर थांबून पुन्हा आवळा.

पुढची दोरी दोन धाग्यांची, उलट्या व्ही-सारखी, बोनेटखाली फेंडरच्या बोल्टला पकडलेल्या पट्टीच्या फाशांना. आपल्याकडे ट्रकवाले दोरीत फास घालून कप्पीसारखी ओढतात, तीच गाठ. रबरी दोऱ्या अजिबात नको.

वाळूचा बांध

पिकअपवर पुढच्या दोरीला माझा विरोध आहे. टोक टपावर किंवा काचेवर, आणि बोनेटची कडा कितीतरी पुढे. दोरी इतकी आडवी जाते की खाली ओढण्याचा जोर फार कमी. सुटली तर पुढच्या चाकात जाते, आणि चाकाने दोरी ओढली तर नावेचं टोक मोडतं. ९ फुटांवर दोन भक्कम आधार असताना ती कशाला?

गिअरबॉक्स

ती खाली ओढण्यापेक्षा नावेला मागे घसरू देत नाही, आणि समोर दिसते. रॅकचा पाय सैल झाला तर आधी ही दोरी ढिली पडते, चालवणाऱ्याला लगेच कळतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट. ताशी ५० किलोमीटरला शांत असलेली नाव १०० ला तशी राहत नाही. चाकाची भीती खरी आहे, म्हणून उरलेलं टोक लोंबतं ठेवायचं नाही, गाठीवरच गुंडाळून बांधायचं.

मागच्या दोरीबद्दल मात्र टी-बारवाल्यांना सांगायचं आहे. ती टी-बारलाच बांधू नका. हिचची पिन निघाली तर बार आणि दोरी एकदम जातात. चासीच्या कड्याला बांधा.

दोन वल्ही

हे पटलं. पिनला चाप असतो, तो दर थांब्यावर पाहायचा.

तळ्याकाठचा

माझ्या पहिल्या मजकुरात दुरुस्ती करतो. टी-बार कुणालाच नको, हे मी फार ढोबळ लिहिलं. ज्यांच्याकडे ट्रेलर नाही, जे वर्षातून दोन-तीनदाच नाव हलवतात आणि टपावरचा बार मागच्या कडेला घेऊन शिकंजा व तिरके पट्टे लावणार आहेत, त्यांना तो चालेल. ट्रेलर असेल तर हिच आधीच अडलेलं आहे, तिथे वादच नाही. खडीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांसाठी माझं मत तेच.

खरेदीआधी गाडी सपाट जागी उभी करून चार मापं घ्या: टपाच्या मागच्या आणि पुढच्या कडेपर्यंतचं अंतर फाळक्यापासून, हौद्याच्या काठाची उंची, टपाची उंची, आणि गॅरेजच्या दाराची. शेवटचं विसरू नका. दार बहुधा ७ फुटी असतं आणि बार लावल्यावर गाडीच तेवढी होते, नाव वर असताना तर आठ फूट.

सोनकुसुम

पाचवं माप नावेचं. सगळ्यांत रुंद जागी ती साधारण ३ फूट असते, पण काठ बाहेर आलेले असतील तर जास्त. बारच्या दोन खांबांमधली मोकळी जागा त्याहून निदान सहा इंच मोठी हवी, नाहीतर पट्टा काठाला चिकटून खाली नेता येत नाही. दोन नावा शेजारी-शेजारी न्यायच्या असतील तर ७८ इंची बार.