मदत हवी आहे: सेनेगलमध्ये यजमान कुटुंबात राहतेय, सगळे एकाच परातीत जेवतात आणि मी शाकाहारी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, आधीच सॉरी. मी सध्या सेनेगलमध्ये आहे, काओलाकजवळच्या एका खेड्यात. फ्रान्समध्ये मास्टर्स झालं आणि तिथल्याच एका संस्थेतर्फे व्हॉलंटिअर म्हणून आले, काम शाळेच्या परसबागेचं, राहायला एका वोलोफ कुटुंबात. माणसं सोन्यासारखी आहेत. घोडं अडलंय ते जेवणापाशी.

आमच्या घरी माळ आहे, त्यामुळे मांस-मासे-अंडी काही नाही, आणि मला स्वतःलाही नकोच असतं. इथे दुपारचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा चेबू जेन, मासे आणि भाज्या टाकून शिजवलेला तुकडा तांदूळ. खाली चटई, मध्ये भलीमोठी परात, भोवती आम्ही सगळ्या बायका आणि पोरं, पुरुषांची परात वेगळी. आपल्या समोरचा भाग आपला, शेजारच्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. मासा, गाजर, कोबी, कसावा सगळं मधोमध असतं आणि याय (म्हणजे घरातली आई) बोटांनी मासा मोडत, काटे बाजूला करत एकेकाच्या पुढ्यात टाकत जाते. पाहुण्याच्या पुढ्यात सगळ्यात जास्त. मी तो तुकडा हळूच शेजारच्या पोराकडे सरकवते, की यायचा हात परत येतो आणि आधीपेक्षा मोठा तुकडा पडतो, वर "लेक्काल, लेक्काल", खा खा. उष्ट्याखरकट्याचं माझं काही नाही, ते केव्हाच सुटलं.

याप्प म्हणजे मांस चालत नाही असं सांगितलं तर मासे वाढले. मासेही नको म्हटलं तर दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी कोंबडी कापली!! आता बोला. भात माशाच्याच पाण्यात शिजतो ते मी मनाशी सोडून दिलंय, नाहीतर उपाशीच राहावं लागेल.

वेगळं शिजवून घ्यायचं तर एकटीने बसून खावं लागेल, आणि या घरात एकटं जेवणारा म्हणजे एकतर आजारी नाहीतर रुसलेला. आणि पुढच्या महिन्यात तबास्की आहे, म्हणजे आपली बकरी ईद. बाय (यजमान वडील) परवा म्हणाले इन्शाल्ला या वर्षी मेंढा मोठा आणू, आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणजे मी पैसे द्यायचे का? किती? आणि त्या दिवशी मी नेमकं करायचं काय? कोणी पश्चिम आफ्रिकेत राहिलेलं असेल तर प्लीज सांगा.

डाकार_रिटर्न:
मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं डाकारला होतो, टाटाच्या मिनीबस दिसल्या की घरची आठवण यायची, असो. मुद्द्यावर येतो. कारण काय देता यावर सगळं आहे. "आवडत नाही" म्हणालात तर तो यायच्या हाताचा अपमान. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणालात तर रोज सकाळी नमस्कार-चमत्कारात अख्खं गाव तुमच्या पोटाची चौकशी करेल, आणि तिथला नमस्कार किती लांब चालतो ते तुम्हाला माहितीच आहे. सरळ सांगा की आमच्या घराण्याचा धर्माचा नेम आहे, आजोबा-पणजोबांपासून. हे त्यांना लगेच कळतं, कारण त्यांच्यातही आडनावागणिक कुळाचा प्राणी (आपल्याकडचं देवक म्हणा) असतो, न्जाय लोकांचा सिंह तसा. आणि हे जेवताना बोलू नका. दुपारनंतर अताया होतो ना, तीन फेऱ्यांचा चहा, तेव्हा निवांत बाय आणि याय दोघांसमोर बोला. तोंडपाठ करा: "लेक्कुमा याप्प, लेक्कुमा जेन" (मी मांस खात नाही, मासे खात नाही), आणि कोंबडीचं नाव वेगळं घ्या, कारण ती या दोन्हीत धरत नाहीत.

दुसरं, तिथे पाहुण्यालाही त्यांच्यातलं आडनाव देतात, तुम्हाला कुठलं दिलंय घरच्यांनी? ते महत्त्वाचं आहे.

खवय्या७:
माशाच्या पाण्यातला भात चालतो पण मासा चालत नाही, हे काही झेपलं नाही बुवा. परदेशात गेल्यावर खाऊन टाकावं, देव काही बघत नाही.

अंबाडीची_भाजी:
@खवय्या७ तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय. कुठे रेघ ओढायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

ताई, तुम्ही तर बाजरी-शेंगदाण्याच्या मुलखात बसलाय, उपाशी कशाला राहाल! बिसाप म्हणून जे लाल सरबत पिताय ना, ती अंबाडीची बोंडं, आणि तिच्या पाल्याचं आंबट कालवणही तिकडे करतात. नेबेदाय म्हणजे शेवगा, त्याचा पाला आणि शेंगदाण्याचं कूट घालून जे करतात ते चेरेबरोबर खातात, चेरे म्हणजे बाजरीचा वाफवलेला सांजा म्हणा हवं तर. रात्री लाख मागा, बाजरीची घट्ट खीर आणि वरून गोड दही. सकाळी पावात चवळीची उसळ मिळते, न्दांबे. फक्त पालेभाजीत गेज (सुका मासा) आणि येत (समुद्री गोगलगाय, वास कळेलच) टाकतात, तेवढं आधी सांगायचं. परसबागेचंच काम आहे तर शेवग्याचा पाला स्वतः खुडून यायला नेऊन द्या. "माझ्यासाठी वेगळं कर" म्हणण्यापेक्षा भाजी हातात ठेवणं बरं दिसतं, सुनेलाही राग येत नाही, कारण रांधायची पाळी तिची असते.

मूळ लेखिका:
बापरे किती छान उत्तरं! @डाकार_रिटर्न आडनाव जोप दिलंय. का?

डाकार_रिटर्न:
मग काम झालं. जोप आणि न्जाय यांचं चेष्टेचं नातं असतं, दोघं एकमेकांना खादाड, भातावर तुटून पडणारा, काय वाट्टेल ते म्हणतात आणि कोणी रागवत नाही. परातीभोवती कोण न्जाय आहे ते बघा आणि मासा तिच्याकडे ढकलून मोठ्याने सांगा, घे, तुम्हा न्जाय लोकांचं पोट कधी भरतच नाही.

मूळ लेखिका:
आजी न्जाय निघाली!! काल केलं. आजीने आधी डोळे वटारले, मग एवढी हसली की खोकला लागला, आणि आता पोरं स्वतःच माझ्यापुढचा मासा उचलून आजीसमोर टाकतात. यायसुद्धा हसली. अतायाच्या वेळी नेमाचंही बोलले, बायनी फक्त विचारलं की दूध चालतं का, चालतं म्हटल्यावर विषय संपला. आज रात्री लाख होता, दोनदा घेतला.

आता तबास्कीचं सांगा ना कोणीतरी. मेंढ्याचे पैसे?

डाकार_रिटर्न:
मेंढा घरच्या कर्त्याने आणायचा असतो, त्याचा मान आहे तो, त्यात अर्धा वाटा वगैरे काढू नका. धडधाकट मेंढा लाखभर फ्रँकच्या (तिथलं चलन) पुढेच जातो, म्हणजे १५० युरोच्या वर (६५६ फ्रँकला १ युरो धरा), तुमच्या भत्त्याला परवडणारही नाही. त्यापेक्षा कांद्याचं पोतं, बटाटे आणि तेलाचा कॅन यायच्या हवाली करा, आणि तेही आत्ताच, सणाच्या तोंडावर कांदा महागतो. कापायच्या वेळी पुरुष असतात, तुम्हाला तिथे उभं राहायची गरज नाही. बायकांबरोबर कांदे सोलायला बसा, ढीगभर लागतात, कोणी तुम्हाला मोकळं बसू देणार नाही. संध्याकाळी पोरं नवे कपडे घालून दारोदार पैसे मागायला येतात, सुटी नाणी जमवून ठेवा. भेटेल त्याला "देवेनेती" (सणाच्या शुभेच्छा) म्हणायचं.

आणि कापड घेतलं नसेल तर उद्याच घेऊन शिंप्याकडे टाका. शेवटच्या आठवड्यात तो फोनसुद्धा उचलत नाही.