शब्दचर्चा : कंपनीचं ‘दायित्व’, ‘बांधिलकी’ की ‘भूमिका’?

हिंजवडीकर : कंपनीच्या मराठी पुस्तिकेचं काम गळ्यात पडलंय. तीन गोष्टी आहेत : सीएसआरचा (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा) खर्च, राजकीय पक्षांना दिलेले पैसे आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर कंपनीनं उघड बोलणं. वरिष्ठांनी तिन्हींवर ‘सामाजिक बांधिलकी’ हा एकच मथळा टाकलाय. तिसऱ्याला कुणीतरी ‘सक्रियतावाद’ (अ‍ॅक्टिव्हिझम) सुचवला. काय लिहू?

शनिवारपेठी : ‘सक्रियतावाद’ आधी खोडा. सक्रिय ज्वालामुखीही असतो.

सीएसआरला ‘सामाजिक दायित्व’च हवं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ बघा. नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. ताळेबंदातल्या देण्यांनाही आपण दायित्वंच म्हणतो. बांधिलकी आपण होऊन पत्करायची असते. साहित्यातल्या बांधिलकीवर मराठीत एवढे वाद झाले, पण लेखकाला टक्केवारी कुणी विचारली नाही.

भोसरीचा वर्कशॉपवाला : पक्षाला देतात ती देणगी. आमच्याकडे पावतीपुस्तक घेऊन येणारे मात्र ‘वर्गणी’ म्हणतात, मग मंडळ असो नाहीतर साहेबांचा वाढदिवस. वर्गणी म्हणजे सगळ्यांनी मिळून उचललेला भार. आकडा समोरचा सांगायला लागला की वेगळा शब्द सुरू होतो, तो पुस्तिकेत छापू नका.

शनिवारपेठी : ‘राजकीय देणगी’ बरोबर आहे, आणि तिचा मथळा वेगळाच हवा. ती कलम १८२ खाली येते आणि सीएसआरच्या नियमांनुसार सीएसआरमध्ये धरता येत नाही. संचालक मंडळाचा ठराव लागतो. सरकारी कंपनीला अशी देणगी देताच येत नाही. नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा ही मर्यादा काढणंही घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे तुमच्या वरिष्ठांचा एकच मथळा नुसता भाषेला खटकतो असं नाही.

आकुर्डीकर : तिसऱ्याला मराठीत सरळ ‘भूमिका घेणं’ म्हणतात. आमच्या गावच्याच बजाज ऑटोचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात राहुल बजाज अमित शहांसमोर म्हणाले की, सरकारवर टीका करायला लोक घाबरतात. ते त्यांचं मत. २०२० मध्ये कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी सांगितलं की, द्वेष पसरवणाऱ्या तीन वाहिन्यांना कंपनी जाहिराती देणार नाही. ही कंपनीची भूमिका, कारण इथं कंपनीचा पैसा हलला. माझी कसोटी एवढीच.

हिंजवडीकर : मग सरकारदरबारी धोरणासाठी धडपड करतात त्याला?

भोसरीचा वर्कशॉपवाला : पाठपुरावा. चाकणच्या वाहतूक कोंडीबद्दल संघटना निवेदनं देतात, ते सगळं यातच आलं.

शनिवारपेठी : उघड असेल तोवर पाठपुरावा. बंद दाराआड असेल तर ‘लॉबिंग’च ठेवा, वाचणाऱ्याला कळतं.

आकुर्डीकर : ‘बांधिलकी’ अगदीच हद्दपार करू नका हां. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानं १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती गिऱ्हाइकांना कारखान्याच्या बातम्या कळवायला. त्यातून पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं. अंधश्रद्धेवर, बायकांच्या प्रश्नांवर नांगर विकणाऱ्यांच्या घरातून लेख निघत होते. कलम १३५ तेव्हा कुठं होतं? तिथं ‘बांधिलकी’ शोभते.

शनिवारपेठी : मान्य. तेव्हाचे लोक मात्र ‘सुधारणा’ म्हणाले असते.

हिंजवडीकर : ‘सामाजिक दायित्व’, ‘राजकीय देणग्या’, ‘जाहीर भूमिका’ असे तीन मथळे पाठवले. वरिष्ठांचं उत्तर आलं : पहिले दोन चालतील, तिसऱ्याखाली लिहायला आपल्याकडे काही आहे का ते आधी विचारून घ्या.