विभागप्रमुखपद: ज्येष्ठतेने फिरतं ठेवायचं की निवडीने भरायचं?

वर्गखोली (धागालेखक)

विद्यापीठाच्या आवारातल्या पदव्युत्तर विभागांपुरता हा धागा आहे, संलग्न महाविद्यालयांचा प्रश्न वेगळा. विभागांत आजची रीत अशी की प्रमुखपद ज्येष्ठतेच्या क्रमाने फिरतं आणि मुदत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची असते. माझ्या मते ही रीत बदलायला हवी. विभागातल्या प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांकडून अर्ज मागवावेत, प्रत्येकाने आपला आराखडा लेखी द्यावा आणि निवड समितीने एकाला पाच वर्षांसाठी नेमावं.

तीन वर्षांत कामाचं एक आवर्तनही पुरं होत नाही. समजा, 1 जुलैला नव्या प्रमुखाने सूत्रं घेतली. आर्थिक वर्ष 1 एप्रिललाच सुरू झालेलं, त्यामुळे चालू अंदाजपत्रक आधीच्या माणसाचं. दिवाळीच्या आगेमागे पुढच्या वर्षाच्या मागण्या मागवल्या जातात, तेव्हा कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) काय बसतं हे त्याला अजून उमगलेलं नसतं, म्हणून तो मागच्याच आकड्यांत दहा टक्के वाढवून पाठवतो. नीट विचार करून मांडलेलं त्याचं पहिलं अंदाजपत्रक लागू होतं तेव्हा 36 पैकी 21 महिने उलटलेले असतात.

अभ्यासक्रमाचंही तेच. विभागात मसुदा, मग अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद. रुजू झाल्या झाल्या हात घातला तर पुढच्या जूनपासून लागू होतो. दोन वर्षांची पहिली तुकडी बाहेर पडते आणि त्याच सुमारास प्रमुखाची मुदत संपते. काय चुकलं ते दिसायला लागतं तेव्हा उत्तर द्यायला तो खुर्चीवर नसतो.

आणि हे काही नवं मागणं नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता (विद्याशाखेचा प्रमुख) निवडणुकीने येत असे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने ते पद पूर्णवेळ केलं आणि निवड समितीकडे दिलं. तोच न्याय एक पायरी खाली का लावू नये?

इतिवृत्त

ठाम असहमत.

फिरती पद्धत आली ती आधीच्या पद्धतीचा त्रास झाला म्हणून. एके काळी विभागात प्राध्यापक एकच असायचा, तोच प्रमुख आणि तोही निवृत्तीपर्यंत. त्याच्याशी पटलं नाही तर अधिव्याख्याता पंधरा-वीस वर्षं एकच पेपर शिकवत राहायचा.

प्रमुखाच्या सहीने काय काय होतं ते एकदा मोजा. सहकाऱ्यांची रजा. कॅसच्या (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीमच्या) बढतीचा प्रस्ताव पुढे जाणं. कोणता पेपर कोणाला. सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकाला पुढच्या सत्रात बोलवायचं की नाही. नव्या सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीत विभागाची खुर्ची त्याचीच. एवढं सगळं एका माणसाकडे पाच वर्षं, आणि पुनर्नियुक्ती झाली तर दहा वर्षं, हे धोक्याचं आहे. आज मी तुमची रजा अडवली तर तीन वर्षांनी माझी फाइल तुमच्या टेबलावर येणार आहे, ही जाणीव माणसाला सरळ ठेवते. तेवढा एकच अंकुश आपल्याकडे खरोखर चालतो.

दुसरं, निवड समिती म्हणजे शेवटी कुलगुरू. ज्येष्ठता यादी कोणालाही वाचता येते, तिच्यात कोणाची मर्जी चालत नाही. अधिष्ठात्यांचा दाखला तुम्ही दिलात, पण पुढे काय झालं तेही सांगा. निवड प्रक्रिया रखडली की प्रभारी अधिष्ठाता येतो आणि प्रभारीला काढायला एक पत्र पुरतं. अशा माणसाने विद्या परिषदेत कुलगुरूंच्या विरोधात मत मांडावं, ही अपेक्षा मला तरी धरवत नाही.

सुमेधा_क

दोघांच्या मधली वाट केंद्रीय विद्यापीठांत आहे. केंद्रीय विद्यापीठ अधिनियम, 2009 च्या परिनियमांनुसार प्रमुखाची मुदत तीन वर्षं आहे, पुनर्नियुक्ती होऊ शकते आणि नेमणूक कुलगुरूंच्या शिफारशीवरून कार्यकारी परिषद करते. विभागात एकच प्राध्यापक असेल तर त्याच्याऐवजी सहयोगी प्राध्यापकालाही नेमता येतं. मुख्य म्हणजे नेमणूक नाकारायची मोकळीक स्पष्ट लिहिलेली आहे.

आपल्याकडे ज्येष्ठतेने पाळी आली की नाही म्हणणं अवघड जातं. संशोधनात गढलेल्या, कागदपत्रांचा मनापासून तिटकारा असलेल्या माणसाच्या गळ्यात हे पद पडतं आणि मग विभाग अधीक्षकाच्या भरवशावर चालतो. फिरती ठेवा, पण नकाराचा हक्क लेखी द्या.

डेडस्टॉक

मुदत किती असावी यावर मला फारसं म्हणायचं नाही. पदभार हस्तांतरणाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो, कारण विभागांचं खरं नुकसान तिथे होतं.

पदभार म्हणजे एक पानी पत्र आणि दोन सह्या, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात निदान पाच गोष्टी मोजून घ्यायच्या असतात.

पहिली, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही. नोंदीसमोर 12 सूक्ष्मदर्शक लिहिलेले, प्रयोगशाळेत 9. तीन दुरुस्तीला गेले, मोडीत निघाले की दुसऱ्या विभागाने नेले? दुरुस्तीला गेले तर गेटपासची प्रत हवी, मोडीत निघाले तर निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून काढल्याचा) मंजूर ठराव हवा. हे न बघता नव्या प्रमुखाने सही केली की ते तीन त्याच्या नावावर लागतात, आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडतं.

दुसरी, असमायोजित अग्रिम, म्हणजे हिशेब न मिटलेली उचल. चर्चासत्रासाठी उचललेले पैसे, पावत्या सापडत नाहीत, पाहुण्याच्या प्रवासभत्त्याच्या अर्जावर सही नाही. आधीच्या प्रमुखाच्या नावचा अग्रिम मिटलेला नसला की लेखा विभाग विभागाला नवा अग्रिम देत नाही आणि भोगतो नवा.

तिसरी, प्रकल्पांची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले. प्रमाणपत्र गेलं नाही की पुढचा हप्ता येत नाही आणि त्या प्रकल्पावरच्या संशोधन सहायकाचं मानधन थांबतं. चौथी, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची यादी: नोंदणीची तारीख, सहामाही प्रगती अहवाल, मुदतवाढ कुठवर. पाचवी, विभागाच्या ई-मेलचा पासवर्ड आणि तो ज्या मोबाइलला जोडलाय तो क्रमांक. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण परीक्षा विभागाची आणि आयक्यूएसीची (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची) सगळी पत्रं तिथेच येतात. क्रमांक जुन्या प्रमुखाचा राहिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो.

माझी सूचना: नियोजित प्रमुखाला दोन महिने आधी पत्र द्या आणि ते दोन महिने दोघांनी एकत्र काम करावं. धागालेखकांनी मोजलेल्या 21 महिन्यांतले निदान सहा त्यात वाचतात.

वर्गखोली (धागालेखक)

डेडस्टॉक, तुमचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. दोन महिन्यांची जोडी मला पूर्ण मान्य.

इतिवृत्त, प्रभारी अधिष्ठात्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण पद रिकामं ठेवलं हा दोष निवड पद्धतीच्या माथी कसा मारता येईल? आणि अंकुशाबद्दल: पाळी प्रत्येकाची येणार म्हटल्यावर कोणी कोणाला दुखवत नाही, हे खरंच. पण त्यामुळेच वर्गावर न जाणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. तीन वर्षांनी तोच प्रमुख होणार असतो ना? भांडण टळतं आणि विद्यार्थ्याचे तास बुडतात.

बिंदुनामावली

जरा आकडेमोड करू, कारण ही चर्चा भरलेल्या विभागाची कल्पना करून चाललीय.

एम.ए.चा एक विभाग घ्या. नव्या रचनेत सत्राला 22 श्रेयांक (क्रेडिट), एका वेळी चालणारे दोन्ही वर्षांचे वर्ग मिळून 44. तात्त्विक विषयात एक श्रेयांक म्हणजे सत्रात 15 तास, म्हणजे आठवड्याला साधारण एक. प्रत्येक वर्षाला चार श्रेयांकांचा एकेक जादा ऐच्छिक विषय चालवला तर 52 तास. प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प वेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून हा आकडा ढोबळ.

आता शिक्षक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांनुसार थेट अध्यापन सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला 14. एक प्राध्यापक, एक सहयोगी, दोन सहायक असे चौघे असले तर 60 तास होतात. बसतं, वर आठ तास हाताशी राहतात.

सहयोगी निवृत्त झाला, एक सहायक दुसरीकडे गेला आणि दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या की हाती उरतात 30. बाकीचे 22 सीएचबीवर. सीएचबीचा शिक्षक शिकवतो आणि बहुतेकदा मन लावून शिकवतो. पण अभ्यास मंडळ, प्रवेश, अंतर्गत गुणांची यादी, नॅकची (मूल्यांकन परिषदेची) माहिती यांची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ती पडते उरलेल्या दोघांवर. यातला प्राध्यापक प्रमुख, आणि त्याची मुदत संपली की समोर एकच सहायक प्राध्यापक. इथे फिरवणार काय आणि निवडणार कोणाला? निवडीसाठी किमान तीन पात्र माणसं लागतात, फिरवायला किमान दोन.

मार्गदर्शनाचंही बघा. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांत एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगीकडे 6, सहायकाकडे 4 विद्यार्थी. चौघांच्या विभागात 22 होतात, दोघांच्या विभागात 12. पद रिकामं राहिलं की संशोधनाच्या जागाही त्याबरोबर जातात. प्रमुखाच्या मुदतीवर वाद घालायच्या आधी जागा भरा.

सह्यकडा

बिंदुनामावली यांच्याशी सहमत, पण त्यावर एक उपाय गोव्यात झालाय. गोवा विद्यापीठाने सुटे विभाग एकत्र करून स्कूल केली. मराठी तिथे शणै गोंयबाब स्कूल ऑफ लँग्वेजेस अँड लिटरेचरमध्ये आहे, सामाजिक शास्त्रं डी. डी. कोसंबी यांच्या नावाच्या स्कूलमध्ये. स्कूलला एक डीन (अधिष्ठाता) आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाला एक संचालक. खरेदी, लेखा, प्रवेश एका कार्यालयात, शैक्षणिक निर्णय विषयाकडे. दोन शिक्षकांच्या विषयालाही तग धरता येतो.

इतिवृत्त

सह्यकडा, एकत्रीकरणात छोट्या विषयाचा आवाज जातो ही भीती निराधार नाही. सामाईक निधीतून आधी संगणक कक्ष होईल, मग भाषा प्रयोगशाळा, आणि हस्तलिखितांच्या जतनाला पैसे मागणारा एकटा पडेल. विषयाला स्वतःचं लेखाशीर्ष आणि अभ्यास मंडळात स्वतःची खुर्ची राहिली तरच मी या रचनेला हो म्हणेन.

पैलतीर

अमेरिकेतली रचना थोडक्यात सांगते, कारण तिकडे सगळं निवडीनेच चालतं असा समज दिसतो. चेअरची, म्हणजे विभागप्रमुखाची, नेमणूक साधारणपणे डीन करतो, पण विभागाचं मत घेऊन. मुदत बहुधा तीन ते पाच वर्षं. कित्येक विभागांत पाळी ठरल्यासारखीच असते. खरा फरक दोन गोष्टींत आहे. चेअरला शिकवण्याचा भार कमी करून मिळतो. आणि कामं वाटलेली असतात: पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक प्राध्यापक संचालक, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा, आणि हिशेब, खरेदी, वेळापत्रक सांभाळणारा कायम नोकरीतला व्यवस्थापक, जो चेअर बदलला तरी बदलत नाही. तुमच्याकडे ही चारही माणसं एकाच प्रमुखात कोंबलेली आहेत. मग तो ज्येष्ठतेने आला काय, निवडीने आला काय!

वर्गखोली (धागालेखक)

पैलतीर, कायम व्यवस्थापकाच्या जागी आपल्याकडे कार्यालय अधीक्षक असतो, पण त्याची बदली परीक्षा विभागात कधी होईल याचा नेम नसतो. प्रमुख आणि अधीक्षक एकाच उन्हाळ्यात बदलले की विभागाला मागचं काहीच आठवत नाही.

चर्चेनंतर माझं मत थोडं सरकलंय. मुदत पाच वर्षांची असावी हे सोडत नाही, कारण अभ्यास मंडळाची मुदतही पाच वर्षांची आहे. प्रमुख मंडळाचा पदसिद्ध सदस्य. मंडळ बसलेलंच, अभ्यासक्रम अर्धवट, आणि मध्येच विभागाची खुर्ची बदलते. निवड समितीचा आग्रह मात्र सोडायला तयार आहे, जर विभागाच्या समितीला दात असतील तर.

इतिवृत्त

आता बोलता येईल. समितीला दात हवेत म्हणजे काय, ते नेमकं मांडतो.

विभागातल्या सर्व पूर्णवेळ शिक्षकांची समिती, सत्रात किमान तीन बैठका, कार्यपत्रिका सात दिवस आधी. पेपरवाटप, सीएचबीची नावं, खरेदीचा प्राधान्यक्रम आणि पीएच.डी.च्या रिक्त जागांची घोषणा हे चार विषय बैठकीत ठराव झाल्याशिवाय प्रमुखाला पुढे पाठवता येऊ नयेत. कुलसचिव कार्यालयाने ठरावाची प्रत नसेल तर फाइल परत करावी. वर्गावर न जाणाऱ्याचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण तासांचा तक्ता सगळ्यांसमोर येतो आणि एकट्या प्रमुखाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम करतात. तोवर ते प्रमुखाच्या संगणकात कच्च्या रूपात असतं आणि गडबड तिथेच होते. ‘चर्चा झाली’ असं बोललेलं ‘सर्वानुमते मान्य’ होऊन येतं. म्हणून मसुदा तीन दिवसांत सर्वांना ई-मेलने जावा आणि असहमती नावानिशी नोंदवली जावी. एवढं झालं तर पाच वर्षांनाही मी विरोध करणार नाही. पण दुसरी मुदत नको.

सुमेधा_क

दोन शिक्षकांच्या विभागात ही समिती म्हणजे दोघंच. एकाने असहमती नोंदवली की ठराव कसा करायचा?

बिंदुनामावली

तिथे लगतच्या विषयातले दोन शिक्षक अधिष्ठात्यांनी समितीवर द्यावेत, वर्षभरासाठी आणि लेखी आदेशाने. मतदानाचा हक्क पेपरवाटपावर नको, तो विषयाचाच राहू दे. खरेदी आणि सीएचबीवर मात्र हवा.