मदत हवी आहे: मिरची पावडर इथे पास, जर्मनीत नापास

भोसरीकर: तातडीची मदत हवी आहे. खरेदीदाराने नमुना नापास केलाय, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जास्त म्हणे. इथल्या लॅबचा पास रिपोर्ट माझ्याकडे आहे. तो दाखवून ऑर्डर वाचेल का? उद्या उत्तर द्यायचंय.

घाटावरचा: आधी आयात-निर्यात कोड काढा. ऑनलाइन मिळतो. मग मसाला मंडळाची नोंदणी.

खारेदाणे: अख्खी की पावडर, ते शीर्षकातून कळलं. आकडा किती? बी१ (त्यातला सगळ्यात घातक प्रकार) वेगळा दिलाय का? पास म्हणजे कुणाच्या मर्यादेत?

भोसरीकर: कोड, नोंदणी सगळं आहे हो. एकूण १६ लिहिलंय, शेरा ‘मर्यादेत’. बी१ दिसत नाही.

खारेदाणे: मग बरोबर आहे. आपल्याकडे मसाल्यांना एकूण ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो चालतं. युरोपात मिरचीला एकूण १० आणि एकट्या बी१ला ५. रिपोर्ट खोटा नाही, पण या खरेदीदारापुढे त्याचा उपयोग शून्य.

सह्याद्री_७: ही सरळ अडवणूक आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये हिशोब मांडला होता: युरोपच्या कडक नियमाने आफ्रिकेतल्या ९ देशांची धान्य-सुकामेव्याची निर्यात, आंतरराष्ट्रीय मानकाच्या तुलनेत, ६४ टक्के घटेल. वाचणार किती, तर वर्षाला अब्जामागे दीडएक जीव. गरीब देशांनी विकायचं तरी काय?

खारेदाणे: निर्यात घटते हे मान्य. पण अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कॅन्सर होतो आणि मिरची रोज आपण खातो. मला युरोपच्या १०पेक्षा आपले ३० जास्त खटकतात.

मंडईतली: दादा, वाफेवर निर्जंतुक करून घ्या, आमच्याकडे सगळे करतात.

खारेदाणे: ताई, बुरशी मरते, विष तसंच राहतं. एथिलीन ऑक्साइडने (निर्जंतुक करायचा वायू) तर नवीन दुखणं: २०२० मध्ये आपले तीळ युरोपात त्यापायीच अडकले.

सह्याद्री_७: मग चांगल्या लॉटमध्ये मिसळा, सरासरी खाली येईल.

खारेदाणे: तिकडे कायद्यानेच मनाई आहे. असले सल्ले देऊ नका.

शिवारातून: मिरची वाळली कुठे ते कुणी विचारलंच नाही. जमिनीवर पसरतात, रात्री दव पडतं, मधेच अवकाळी. वर व्यापारी वजन भरावं, मिरची तुटू नये म्हणून पाणी मारतो. बुरशी तिथेच धरते. ओलावा १०-११ टक्क्यांच्या वर असेल तर पोतं उतरवूनच घेऊ नका. आणि नमुना एकाच पोत्यातला नको. शेजारच्या दोन पोत्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

भोसरीकर: नमुना वरच्या दोन पोत्यांतलाच होता. हा लॉट थांबवतो, खरेदीदाराकडे मुदत मागतो. माल कर्नाटकातल्या ब्याडगीचा आहे, तिथल्या व्यापाऱ्याला पाण्याचं विचारतो. बी१ वेगळा देणारी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब पुण्यात कोणती?

कोथरूडचा_मी: मधेच विचारतो, शेंगदाण्यालाही १०च का? नेदरलँड्सला पाठवायचेत.

खारेदाणे: थेट खायचे असतील तर एकूण ४, बी१ २. वेगळा धागा काढा. भोसरीकर, लॅबचं नाव व्यनित (खासगी निरोपात) कळवतो.