मदत हवी आहे: लिनक्सवर दहा डिस्क-इमेज फाइल्स जोडून केलेला एक व्हॉल्यूम (एक मोठी डिस्क), रीस्टार्ट केला की गायब

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. 2019 च्या पुरात तळमजल्यावरचा पीसी गेला, तेव्हापासून बॅकअपचं वेडच लागलंय.

बाहेरची डिस्क फॅट32 या जुन्या फॉरमॅटची आहे. ती घरच्या टीव्हीलाही लागते, म्हणून फॉरमॅट बदलता येत नाही. तिच्यावर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. मग 3.5 जीबीच्या दहा इमेज फाइल्स (फोटो नव्हे, डिस्कसारख्या वापरायच्या फाइल्स) केल्या, लोसेटअप कमांडने प्रत्येकीला लूप डिव्हाइस दिलं (म्हणजे फाइल डिस्कसारखी दिसते) आणि एलव्हीएमने (अनेक डिस्क एकत्र जोडणारी लिनक्सची सोय) सगळ्या जोडून वर ईएक्सटी4 फाइलसिस्टिम टाकली. झकास चाललं.

रीस्टार्ट केलं आणि लूप सुटले. हाताने परत जोडून व्हीजीचेंज (व्हॉल्यूम चालू करणारी कमांड) चालवलं की फोटो दिसतात. लूपचे नंबर उलटसुलट झाले तरी अडत नाही, एलव्हीएम यूयूआयडीवरून (प्रत्येकीच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) ओळखतं. पण रोज हे कोण करत बसणार? एफस्टॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं त्या यादीत) ओळ घातली तर बूटच अडकलं, शेवटी नोफेल (नाही सापडलं तरी पुढे जा) लिहून सुटलो.

आधी डिस्क, मग लूप, मग व्हॉल्यूम, अशा क्रमाने चालणारी सिस्टिमडी (बूटच्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिस कशी लिहायची? आणि दहातली एक फाइल बिघडली तर बाकीचे फोटो हाती लागतील का? लग्नांचे फोटो आहेत हो, परत काढता येत नाहीत.