प्रतिसाद: आश्रमशाळेतली गप्प बसणारी पोरं

वर ताईंनी लिहिलंय की नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतली पोरं वर्गात बोलत नाहीत कारण मराठी कच्चं. पटतंय, धडगाव-अक्कलकुव्यात घरी पावरी नाहीतर भिलोरी बोली आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठी, पोर गप्प होणारच. पण सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, कोणीच बोललं नाही! आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आजार बराच आहे, त्यात रक्त कमी, सारखा थकवा, आणि थंडीत किंवा पाणी कमी प्यायलं की हाडंसांधे असे ठणकतात की पोर रात्रभर झोपत नाही. सकाळी ते पेंगतं, सरांना वाटतं अभ्यासाचा कंटाळा. आणि नेमकं कुठं न कसं दुखतंय हे त्याला मराठीत सांगताच येत नाही, म्हणून मला तरी हे दोन विषय वेगळे वाटतच नाहीत.

२०२३ पासून केंद्राचं सिकलसेल मिशन चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात होते, चांगलंच आहे. पण ताई, या गप्प पोरांवरच्या तुमच्या संशोधनात पोरांना प्रश्न विचारणार असाल तर प्लीज छापील मराठी फॉर्म नुसते वाटू नका, गावातलीच शिकलेली पोरंपोरी सोबत घ्या, त्यांच्या बोलीत गप्पा मारत विचारू द्या, आणि झोप, दुखणं, पाणी किती पितो हे आधी विचारा, मार्कांचं नंतर.